लिस्बन : दोरीचे दुसरे टोक

पणजीत तारखांची नावे मिरवणारे दोन रस्ते आहेत. एक '१८ जून', दुसरा '३१ जानेवारी'. पहिल्याचा अर्थ शाळकरी मूलही सांगेल. १९४६ साली त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवे वळण लागले. दुसऱ्या तारखेचा अर्थ विचारला की मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. ३१ जानेवारी ही पोर्तुगालमधील प्रजासत्ताकवाद्यांची तारीख. १८९१ साली त्या दिवशी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला आणि काही तासांतच तो चिरडला गेला. म्हणजे ज्यांनी आपल्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, त्यांचेही त्यांच्या राज्यकर्त्यांशी भांडण होते. आम्ही त्या रस्त्याने आयुष्यभर ये-जा केली, पण हा विचार आमच्या मनाला बरीच वर्षे शिवला नाही.

आमच्या घरांत लिस्बनचे नाव दोन प्रकारे येत आले. आजोबांच्या पिढीत ते हुकूम म्हणून यायचे. करवाढ झाली, लिस्बनहून आली. गव्हर्नर बदलला, लिस्बनहून बदलला. सभा घ्यायची तर परवानगी लागे. घरचे लग्न ठरले तर पत्रिकेचा मजकूरसुद्धा आधी सेन्सॉरकडे जाई. 'श्री गजानन प्रसन्न'पासून 'आपले नम्र'पर्यंत सारे सरकारी डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापखानेवाला खिळ्यांना हात लावीत नसे. नातवंडांच्या पिढीत तेच नाव पासपोर्ट म्हणून येते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. म्हणून मुले आजोबांचा जन्मदाखला शोधत वकिलाकडे खेटे घालतात आणि कागद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात पोचतात.

हुकूम देणारे लिस्बन आणि पासपोर्ट देणारे लिस्बन, या दोहोंच्या मध्ये एक खरेखुरे शहर आहे. तिथे माणसे राहतात, गातात, तुरुंगात जातात, बंड करतात. त्याची आपल्याला फारशी ओळख नाही. मंडळाच्या वाचनालयात आम्ही काही जणांनी त्या शहराचा आधुनिक इतिहास वाचायला घेतला तो थोड्या कुतूहलाने, थोड्या रागाने. वाचता वाचता जे हाती लागले ते यंदाच्या चवथीला आपल्यापुढे ठेवतो आहोत.

भूकंपातून उठलेले शहर

आजचे लिस्बन एका आपत्तीतून जन्मले. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सणाचा दिवस. लोक सकाळी प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमले असताना मोठा भूकंप झाला. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी तेजो नदीच्या काठाकडे धावले, तर समुद्राची लाट नदीतून आत आली. देवघरांतल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेट घेतला, ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातले ग्रंथालय, नुकतेच बांधलेले ऑपेरागृह, सारे गेले.

शहर पुन्हा उभे केले ते राजाच्या मंत्र्याने, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने. बायशा या सखल भागात त्याने काटकोनात सरळ रस्ते आखले. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवण्याची पद्धत सक्तीची केली, म्हणजे दगडी भिंत हादरली तरी घर कोसळू नये. या पिंजऱ्याची परीक्षा घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटीत चालवले गेले. भूकंपाचा विचार करून अख्खा शहरविभाग बांधण्याचे युरोपातले हे अगदी आरंभीचे उदाहरण.

पोंबाल सुधारक होता तसाच जुलमीही. विरोधकांना त्याने फासावर चढवले, तुरुंगात कुजवले. गोव्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्याच काळात, १७७४ मध्ये, गोव्यातले इन्क्विझिशन बंद झाले. तो सत्तेवरून गेल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. चांगला निर्णयही वरूनच यायचा आणि माणूस बदलला की तो फिरायचा. लिस्बनच्या राजकारणाची ही खोड पुढची दोनशे वर्षे टिकली.

जळालेल्या राजवाड्याच्या जागी पोंबालने नदीकडे उघडणारा भव्य चौक बांधला. त्याचे अधिकृत नाव व्यापार चौक, पण लिस्बनकर अजूनही त्याला 'तेरेरो दो पासो', म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात. या चौकाचे नाव लक्षात ठेवावे, तो पुढे आणखी दोनदा येणार आहे.

प्रजासत्ताक आले, साम्राज्य राहिले

एकोणिसावे शतक लिस्बनला खालीच नेत गेले. १८०७ मध्ये नेपोलियनचे सैन्य येताच राजघराणे जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेले. १८२२ मध्ये ब्राझील हातचे गेले. मग यादवी झाली. शेवटी उरले आफ्रिकेतले मुलूख आणि गोवा, दमण, दीव, मकाव, तिमोर. १८९० साली अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधल्या प्रदेशातून बाजूला व्हा, असा निर्वाणीचा खलिता ब्रिटनने धाडला आणि लिस्बनच्या राजाने मान तुकवली. शहर संतापले. त्या संतापात एक गाणे जन्मले, तेच पुढे पोर्तुगालचे राष्ट्रगीत झाले. पोर्तोचा ३१ जानेवारीचा उठाव या खलित्यानंतर सुमारे वर्षभराने झालेला.

इथे जरा थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. प्रजासत्ताकवाद्यांचा राजावरचा राग दोन प्रकारचा होता. राजा लोकांचे ऐकत नाही हा एक, आणि राजा साम्राज्य नीट सांभाळत नाही हा दुसरा. स्वतःला स्वातंत्र्य हवे, पण दुसऱ्याला ते द्यायचे नाही, ही गाठ त्या चळवळीत पहिल्या दिवसापासून बसली होती.

१ फेब्रुवारी १९०८ रोजी राजा कार्लुश सहकुटुंब लिस्बनला परतला आणि नावेतून उतरून उघड्या घोडागाडीतून तेरेरो दो पासोमधून निघाला. चौकाच्या कोपऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. राजा आणि युवराज दोघेही मारले गेले. धाकटा मुलगा मानुएल वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आला आणि जेमतेम अडीच वर्षे टिकला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनच्या नगरपालिकेच्या गच्चीतून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तरुण राजा एरिसेरा नावाच्या कोळ्यांच्या गावातून बोटीत बसून परदेशी गेला तो कायमचा.

त्या गच्चीतली घोषणा आपल्या अंगणापर्यंत पोचली. नव्या सरकारने १९११ मध्ये धर्मसत्ता आणि राज्यसत्ता वेगळ्या केल्या. गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचा दर्जा मिळाला, सरकारी नोकरीची आणि सार्वजनिक जीवनाची दारे उघडली. मराठी शाळा, वाचनालये, संस्था भराभर निघू लागल्या. १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी 'भारत' पत्र सुरू केले. आमच्या अनेक घरांतल्या पहिल्या शिकलेल्या पिढीची मुळे त्या दहा-पंधरा वर्षांत सापडतात. गोव्यातला मराठी माणूस तेव्हा प्रजासत्ताकाकडे आशेने पाहत होता आणि त्याचे चुकले असे आम्हाला वाटत नाही.

पण लिस्बनमध्ये प्रजासत्ताकाचे पाय ठरत नव्हते. सोळा वर्षांत पंचेचाळीस मंत्रिमंडळे झाली. पहिल्या महायुद्धात देश उतरला, भाव भडकले, संप आणि बंडे रोजची झाली. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा दमलेल्या शहराने फारसा विरोध केला नाही. सुव्यवस्था येईल, मग निवडणुका होतील, असे लोक म्हणत राहिले. पुढली मोकळी निवडणूक पाहायला लिस्बनला १९७५ सालापर्यंत थांबावे लागले.

निळी पेन्सिल

लष्कराला तिजोरी सांभाळता येईना, म्हणून १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले गेले. त्याचे नाव आंतोनियु द ओलिव्हेरा सालाझार. त्याने जमाखर्च जुळवला आणि १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ च्या राज्यघटनेने 'नवे राज्य' स्थापन झाले. हा हुकूमशहा गणवेश घालीत नसे, गच्चीवरून आरोळ्या ठोकीत नसे, फारसा प्रवासही करीत नसे. आपल्या वसाहतींपैकी एकाही मुलखात त्याने पाऊल टाकले नाही.

१९३० च्या वसाहतविषयक कायद्याने त्याने आपली जागा आपल्याला दाखवून दिली. परक्या मुलखांवर ताबा ठेवणे आणि तिथल्या लोकांना 'सुधारणे' हे पोर्तुगालचे ऐतिहासिक कार्य आहे, असे त्यात म्हटले होते. पणजीच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी जुलैत ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क बजावला. तो आवाज लिस्बनने ऐकून घेतला नाही. पण आम्हाला अस्वस्थ केले ते याच्या पुढच्या गोष्टीने. ज्या कायद्यांनी गोव्याचे तोंड बांधले, तेच कायदे लिस्बनलाही लागू होते.

लिस्बनच्या प्रत्येक वर्तमानपत्राचा मजकूर छपाईपूर्वी सेन्सॉरकडे जाई. अधिकारी निळ्या पेन्सिलीने ओळी खोडी. 'निळी पेन्सिल' हा शब्दप्रयोग पोर्तुगीज भाषेत आजही सेन्सॉरशिपसाठी वापरतात. सेन्सॉर समितीने पाहिल्याची ओळ अंकावर छापलेली असे. आमच्या आजोबांनी लग्नपत्रिकेच्या मंजुरीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. लिस्बनचा संपादकही त्याच वर्षांत तसल्याच कचेरीच्या दाराशी उभा होता.

फादो हे लिस्बनच्या गल्लीबोळांतले, खलाशांचे आणि कष्टकऱ्यांचे गाणे. मांडो ऐकत वाढलेल्या कानांना त्यातली हुरहूर परकी वाटत नाही. १९२७ पासून फादोचे शब्दही आधी मंजूर करून घ्यावे लागत आणि गाणाऱ्याला परवाना लागे. आमालिया रोद्रिगिश ही त्या गाण्याची सर्वांत मोठी गायिका. राजवटीने तिचा दौलतीसारखा मिरवण्यासाठी उपयोग केला. तरीही तिने साठच्या दशकाच्या आरंभी गायिलेल्या एका फादोवर बंदी आली, कारण दूर नेलेल्या माणसाबद्दलचे ते शब्द पेनिशच्या किल्ल्यातल्या राजकीय कैद्यांचे आहेत हे ऐकणाऱ्यांनी ओळखले. तो फादो 'पेनिशचा फादो' म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिला.

कवी फेर्नांदु पेसोआ याच शहरात व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहून पोट भरीत होता. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या स्वभावांनी तो लिहीत असे. १९३५ साली गुप्त संस्थांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याने वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो वारला. मागे एका पेटाऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक लिखित पाने सापडली. पोर्तुगीज भाषेतले त्याचे एकच पुस्तक त्याच्या हयातीत छापले गेले होते. आज शियादु भागातल्या 'ब्राझिलेइरा' कॉफीगृहापुढे त्याचा ब्राँझचा पुतळा खुर्चीत बसला आहे आणि प्रवासी शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून फोटो काढतात.

तिथून थोडे चालले की आंतोनियु मारिया कार्दोझु रस्ता लागतो. तिथे गुप्त पोलिसांचे मुख्यालय होते. त्यांचे नाव 'पीदे'. गोव्यात ज्येष्ठांना हे नाव सांगावे लागत नाही. शहराच्या जुन्या कॅथेड्रलजवळ 'अल्जुब' नावाचा तुरुंग होता. तिथल्या कोठड्या सुमारे एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैद्याला झोप न देणे, दिवसेंदिवस उभे ठेवणे, हे तिथले नित्याचे. आता त्या इमारतीत प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे.

आपली माणसे त्या तुरुंगांत

त्या तुरुंगांत फक्त पोर्तुगीज नव्हते. लोहियांच्या सभेनंतर लष्करी न्यायालयात शिक्षा झालेले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना समुद्रापार पेनिशच्या किल्ल्यात नेले गेले. १९५४ च्या फेब्रुवारीत म्हापशातल्या एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असे वक्ता बोलताच डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी 'माझा निषेध' एवढेच उच्चारले. तेवढ्यावरून त्यांना अटक करून लिस्बनला पाठवण्यात आले. त्यांच्या पत्नी एदिला स्वतः पोर्तुगीज, अझोर बेटांवरच्या. त्या नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. आमच्या मनातली 'ते' आणि 'आपण' ही सोपी विभागणी त्या एका संसारापुढे टिकत नाही.

मोहन रानडे यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक असायला हवी. सांगलीचा हा तरुण, मूळ नाव मनोहर आपटे, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आला आणि आझाद गोमंतक दलात सामील झाला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात हलवले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पेढे वाटले गेले, पण रानडे आतच राहिले. मुक्तीनंतर सात वर्षे! गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभारून जिवाचे रान केले. अखेर १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. गोव्याचे लेखक तेलो मास्कारेन्हश त्यानंतरही वर्षभर आत होते.

काशियशमध्ये त्या वर्षांत पोर्तुगालचे कामगार, विद्यार्थी, साम्यवादी कार्यकर्ते डांबलेले होते. गोवा मुक्त होण्याच्या दोन आठवडे आधी, ४ डिसेंबर १९६१ रोजी, त्यांतल्या काही जणांनी तुरुंगाच्या आवारातली एक चिलखती मोटार भरधाव फाटकावर घातली आणि ते पळून गेले. ती मोटार पूर्वी खुद्द सालाझारच्या वापरातली होती, असे सांगतात. आमच्या रानड्यांना जखडणारा किल्ला कुणा पोर्तुगीज आईच्या मुलालाही जखडत होता, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

लिस्बनमधून दिसलेले १९६१

आपल्यासाठी १९६१ म्हणजे मुक्ती. लिस्बनसाठी ते वर्ष एकामागून एक धक्क्यांचे होते. फेब्रुवारीत अंगोलात उठाव झाला. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्र्यानेच सालाझारला हटवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात आली. त्याआधी सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना कळवले होते की माघार नाही, शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. व्हासालो इ सिल्वा यांनी आपल्या तीन हजारांहून अधिक माणसांकडे पाहिले, समोरच्या फौजेकडे पाहिले आणि १९ तारखेला शरणागती पत्करली. पणजी शाबूत राहिली. मायदेशी परतल्यावर सन्मान तर दूरच, १९६३ मध्ये त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले.

ही शिक्षा लिस्बनच्या तरुण अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली. सरकार अशक्य काम सांगते आणि अपयशाचा दोष सैनिकाच्या माथी मारते, हा धडा ते विसरले नाहीत. १९६३ मध्ये गिनीत, १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये युद्ध पेटले. तेरा वर्षे पोर्तुगालची तरुण पोरे सक्तीने आफ्रिकेत पाठवली गेली. हजारो मेली, त्याहून जास्त जायबंदी झाली, आणि असंख्य तरुण भरती टाळण्यासाठी रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून फ्रान्सला गेले.

दैवगती अशी की या युद्धांतले विरोधी पुढारी लिस्बननेच घडवले होते. वसाहतींतल्या विद्यार्थ्यांसाठी लिस्बनमध्ये 'साम्राज्यातील विद्यार्थ्यांचे घर' नावाचे वसतिगृहवजा केंद्र सरकारी आशीर्वादाने निघाले होते. गिनी आणि केप व्हर्दचे अमिल्कार काब्राल, अंगोलाचे आगुश्तिन्यु नेतु तिथेच जमत, कविता वाचत, वाद घालत. मडगावचे ओर्लांदु द कोश्ता हेही त्या मंडळींपैकी. लेखक, साम्यवादी, पीदेने पकडलेले. साम्राज्यनिष्ठा शिकवायला काढलेल्या घरात साम्राज्य मोडणारे तयार झाले, तेव्हा १९६५ मध्ये सरकारने ते बंद केले.

एक गाणे आणि लाल फुले

१९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला आणि त्याच्या मेंदूला इजा झाली. त्याच्या जागी मार्सेलु काएतानु आला. आजारी सालाझारला मात्र १९७० मध्ये मरेपर्यंत कुणी हे सांगितले नाही. भेटीला येणारे मंत्री तोच पंतप्रधान असल्याचे भासवीत राहिले. एखाद्या नाटककाराने हे लिहिले असते तर आपण अतिशयोक्ती म्हटले असते.

२४ एप्रिल १९७४ च्या रात्री अकराला पाच मिनिटे कमी असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने त्या वर्षीच्या युरोव्हिजन स्पर्धेतले एक साधे प्रेमगीत लावले. ते कटातल्या अधिकाऱ्यांसाठी तयार राहण्याची खूण होते. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावरून जोझे आफोन्सुचे 'ग्रांदुला, व्हिला मोरेना' हे गाणे वाजले. ती निघण्याची खूण. बंड करणारे सेनापती नव्हते, आफ्रिकेतल्या युद्धाला विटलेले कॅप्टन आणि मेजर होते.

सांतारेंहून एकोणतीस वर्षांचा कॅप्टन साल्गेरु मायिया आपली तुकडी घेऊन पहाटे लिस्बनला पोचला. तो थांबला तेरेरो दो पासोमध्ये, १९०८ साली राजा पडला त्याच चौकात. समोर सरकारचे रणगाडे आले. गोळी झाडण्याचा हुकूम सुटला. रणगाड्यातल्या कॉर्पोरलने तो पाळला नाही. नदीतल्या युद्धनौकेनेही तोफ डागली नाही. आमच्या मते लिस्बनच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. दोनशे वर्षे ज्या शहरात वरून आलेला शब्द खाली निमूटपणे पाळला गेला, तिथे ऐनवेळी खालच्या माणसाने हात आखडला.

रेडिओवरून लोकांना घरी राहण्याची विनंती होत होती. लोकांनी ती ऐकली नाही, सारे शहर रस्त्यावर आले. सेलेश्त काएइरु नावाची बाई एका उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी उपाहारगृहाला वर्ष पुरे होत होते म्हणून कार्नेशनची फुले आणलेली होती. बंडामुळे ते उघडलेच नाही आणि मालकाने फुले कामगारांना घरी न्यायला सांगितली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्यापाशी सिगारेट नव्हती, तिने फूल दिले. सैनिकाने ते बंदुकीच्या नळीत खोवले. मग इतरांनीही मागितली. क्रांतीला नाव मिळाले ते असे.

संध्याकाळी कार्मु चौकातल्या बराकीत काएतानुने सत्ता सोडली. रक्त सांडले ते पीदेच्या मुख्यालयासमोर. आतून जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. २६ तारखेच्या रात्री काशियशची दारे उघडली. पाच वर्षांपूर्वी ज्या दारातून मोहन रानडे बाहेर आले होते, त्याच दारातून पोर्तुगालचे राजकीय कैदी आपापल्या माणसांच्या मिठीत शिरले.

गाठ सुटली

त्यानंतरची दोन वर्षे गडबडीची होती. पण क्रांतीच्या पहिल्या वाढदिवशी, २५ एप्रिल १९७५ रोजी, घटना समितीची निवडणूक झाली तेव्हा शंभरातल्या एक्क्याण्णवांहून अधिक मतदारांनी मत दिले. गिनी, मोझांबिक, केप व्हर्द, अंगोला यांचे स्वातंत्र्य दीड वर्षात मान्य झाले. याची किंमत साध्या माणसांनीही मोजली. आफ्रिकेतून सुमारे पाच लाख पोर्तुगीज परतले, बहुतेक हात हलवीत. बेलें भागात सागरी शोधांच्या स्मारकाशेजारी त्यांच्या सामानाच्या लाकडी पेट्यांचे ढीग महिनोन्‌महिने पडून होते. ज्या काठावरून जहाजे निघाली, त्याच काठावर साम्राज्याचा पसारा परत येऊन पडला.

आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत एक करार झाला. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पोर्तुगालतर्फे सही केली मारियु सुआरिश यांनी. सालाझारच्या राजवटीत ते तुरुंगात आणि हद्दपारीत दिवस काढलेले. भारतातर्फे सही केली ती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. कऱ्हाडच्या माणसाची ती सही आमच्या मुक्तिलढ्याच्या कागदांत शेवटची म्हणायला हरकत नाही. व्हासालो इ सिल्वा यांनाही क्रांतीनंतर त्यांचा लष्करी दर्जा परत मिळाला.

त्यानंतरचे लिस्बन आपल्यापैकी काहींनी पाहिले आहे. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला. तेजोवरच्या 'सालाझार पुला'चे नाव आता 'पंचवीस एप्रिल पूल' आहे. १९९८ मध्ये जोझे सारामागु यांना नोबेल मिळाले. ओर्लांदु द कोश्तांचा मुलगा आंतोनियु कोश्ता आधी लिस्बनचा महापौर झाला, २०१५ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला आणि २०१७ मध्ये मडगावच्या वडिलोपार्जित घरी येऊन गेला. मार्तीं मोनीज चौकात आज गुजराती, बांगला, नेपाळी कानी पडते.

मग या सगळ्यातून काय घ्यावे? लिस्बनकरही सोसत होते म्हणून आपले सोसणे कमी ठरत नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांना गोव्याची आठवणही नव्हती, आणि १९१० च्या प्रजासत्ताकाने स्वातंत्र्याच्या घोषणा देत साम्राज्य घट्ट धरून ठेवले, हेही विसरता कामा नये. पण दुसऱ्याला बांधून ठेवणाऱ्याला दोरीचे दुसरे टोक सतत हातात धरून बसावे लागते. लिस्बन चौसष्ट वर्षे ते धरून बसले. हात सैल सोडला त्याच दिवशी त्याचेही हात मोकळे झाले. गोव्याने ते टोक तेरा वर्षे आधी हिसकले होते, एवढा वाटा आपला.

शेवटी एक विनंती. आपल्या घरी माळ्यावर जुन्या ट्रंका असतील. पासपोर्टासाठी आजोबांचा जन्मदाखला शोधताना त्याच ट्रंकेत १९६१ पूर्वीची एखादी लग्नपत्रिका, सभेच्या परवानगीचा अर्ज, वर्तमानपत्राचा अंक हाती लागला, तर तो रद्दीत टाकू नका. त्या कागदांमागची हकिकत सांगणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. चवथीचे हे दिवस सगळे घरी असतात. वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील ते लिहून घ्या, आणि कागद मंडळाच्या वाचनालयात आणून द्या. पुढल्या वर्षीची स्मरणिका आम्हाला त्यातूनच उभी करायची आहे.